कान आपोआप तीक्ष्ण होत नाहीत

दृष्टी गेली की कान आपोआप तीक्ष्ण होतात, असं तुला सगळे सांगतील. तसं होत नाही रे. ऐकू पूर्वीइतकंच येतं, त्याकडे लक्ष द्यायला शिकावं लागतं. लक्ष्मी रस्त्यावर मी कित्येक महिने गोंधळायचो. आता बोळाचं तोंड आलं की आवाज मोकळा झालेला कळतो, मंडई वासावरून. पावसात मात्र छत्रीवरच्या थेंबांखाली सगळं बुडतं. तेव्हा पांढऱ्या काठीवरच भिस्त ठेव. आणि तुला उजेड, सावल्या जाणवतात ना? ते लपवू नकोस. अंध म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुष्कळांना थोडंफार दिसतं. ब्रेल आजच सुरू कर. एका अक्षराला जास्तीत जास्त 6 ठिपके. बोटं सावकाश सरावतात.