दोन वर्षांच्या करारावर तीस वर्षांचं कर्ज घ्यावं का?

प्रश्न: आम्ही बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहोत, इथे स्वतःचं घर आहे. 20 वर्षांच्या मुलाला रग्बी प्रीमियरशिप या इंग्लंडच्या सर्वोच्च रग्बी साखळीतल्या एका क्लबने दोन वर्षांचा करार दिला आहे. पगार वर्षाला 32,000 पौंड. तो प्रॉप म्हणून, म्हणजे पुढच्या रांगेत कडेला, खेळतो. पुण्यातला फ्लॅट विकून क्लबजवळ त्याला 2,40,000 पौंडांचं घर घेऊन द्यायचा विचार आहे. खेळासाठी तो पदवीचा अभ्यास थांबवणार आहे. हे योग्य होईल का?

उत्तर: आधी मुलाचं मनापासून अभिनंदन. अकादमीतली फार थोडी मुलं इथवर पोचतात.

माझं मत स्पष्ट आहे: घर आत्ता घेऊ नका आणि फ्लॅट विकू नका.

या पगारावर बँक साडेचार पट धरली तरी 1,44,000 पौंड देईल, उरलेले 96,000 तुम्हाला घालावे लागतील. 5 टक्के व्याजाने 30 वर्षांचा हप्ता सुमारे 770 पौंड आणि मुलाच्या हाती महिन्याला येणार साधारण 2,200. कागदावर हे जमतं. पण त्याने कुठे राहायचं हे क्लब ठरवणार, आणि न्यूकॅसलपासून एक्सेटरपर्यंत मिळून प्रीमियरशिपचे क्लब फक्त दहा. करार पुढे वाढला नाही तर दुसऱ्या टोकाला जावं लागेल, आणि हे घर भाड्याने द्यायचं तर आधी बँकेची परवानगी लागेल.

करार वाढणं फक्त त्याच्या खेळावर अवलंबून नाही, ही गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. 2022 च्या शरद ऋतूत वूस्टर आणि वास्प्स हे क्लब दिवाळखोरीत गेले, 2023 च्या जूनमध्ये लंडन आयरिश. वास्प्स तर दोनदा युरोपचे विजेते होते. वूस्टर आणि वास्प्सचे चांगले, तंदुरुस्त खेळाडू हंगाम चालू असताना बेकार झाले. दुखापतीचा धोका याहून वेगळा. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे खेळाडू वाकून एकमेकांना ढकलतात तेव्हा, प्रॉपच्या मानेवर आणि खांद्यांवर मोठा भार येतो.

तरीही प्रॉपच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. या जागेवरचे खेळाडू उशिरा पिकतात, पंचविशीनंतर त्यांची खरी किंमत होते. म्हणजे मोठा करार आलाच तर तो पुढे येईल. घराचा विचार तेव्हा करा, आजची दोन वर्षं तयारीला द्या.

फ्लॅट विकलात तर नफ्यावर भारतात कर, शिवाय तुम्ही ब्रिटनचे करनिवासी असल्याने इथेही हिशेब द्यावा लागेल. भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते, पण इथला दर 18 किंवा 24 टक्के, त्यामुळे वर फरक भरावा लागू शकतो. नवं घर तुमच्या आणि मुलाच्या नावावर मिळून घेतलंत तर तुमच्या आधीच्या घरामुळे स्टॅम्प ड्युटीत 5 टक्के वाढ, म्हणजे 12,000 पौंड. आणि कृपा करून पुण्याचा फ्लॅट मुलाच्या नावावर करू नका. जगात कुठेही घर नावावर असलं की पहिलं घर घेणाऱ्याच्या सवलती जातात.

त्याने आजच लाइफटाइम आयसा, म्हणजे पहिल्या घरासाठी वापरता येणारं बचत खातं, उघडावा. वर्षाला 4,000 पौंडांपर्यंत भरता येतात, त्यावर सरकार 25 टक्के घालतं. मात्र घराशिवाय दुसऱ्या कारणासाठी मधेच काढले तर 25 टक्के दंड बसतो, म्हणजे भरलेल्यातलंही थोडं जातं. म्हणून त्याच्या बरोबरीने साध्या बचत खात्यात वर्षभराचा खर्च साठू द्या. क्लब बुडाला तर तोच उपयोगी पडेल. पेन्शनवर भिस्त नको: पूर्वी रग्बीपटूंना ती पस्तिशीत काढता यायची, आता 55 पर्यंत थांबावं लागतं आणि 2028 पासून 57 पर्यंत.

पदवी मात्र थांबवू देऊ नका. अर्धवेळ करू दे, एक वर्ष जास्त लागलं तरी चालेल. विद्यापीठाशी बोला, क्लबशी बोला, खेळाडूंच्या संघटनेचीही यात मदत मिळते.

सही करण्याआधी करारातलं एक कलम वकिलाकडून वाचून घ्या: दुखापतीमुळे किती महिने बाहेर राहिल्यावर क्लब करार संपवू शकतो आणि तोवर पगार पूर्ण मिळतो का. उत्पन्न संरक्षण विमा किती रकमेचा आणि किती लवकर सुरू होणारा घ्यायचा, ते या कलमावरून ठरेल.