क्रॉस-कंपाइल करताना लिंकर अडला तर
भावा, लॅपटॉपवर दुसऱ्या प्रोसेसरच्या बोर्डासाठी प्रोग्राम बनवताना (हेच क्रॉस-कंपाइल) कोडचे तुकडे जोडणारा लिंकर अडला, तर टूलचेन, म्हणजे कंपायलर-लिंकरचा संच, परत परत इन्स्टॉल करत बसू नको, आधी पहिली एरर नीट वाच. 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' दिसलं की समज, लिंकर तुझ्या लॅपटॉपची एक्स८६ प्रोसेसरसाठीची लायब्ररी उचलतोय आणि बोर्डाचा प्रोसेसर तर आर्म. त्या लायब्ररीवर 'readelf -h' कमांड मार, आर्किटेक्चर लगेच कळतंय, मग सिसरूट, म्हणजे लिंकर लायब्ररी जिथं शोधतो तो मूळ फोल्डर, बोर्डाच्या रूट फाइलसिस्टिमकडं वळव. मी सांगलीत विश्रामबागच्या रूमवर दोन रात्री घालवल्या आणि चूक निघाली नुसती क्रमाची, स्टॅटिक लायब्ररी (.a) ऑब्जेक्ट फाइलच्या, म्हणजे आपल्या कंपाइल झालेल्या कोडच्या, आधी लिहिलेली, लिंकर डावीकडनं उजवीकडं जातो आणि लायब्ररीतून तोवर लागलेलंच उचलतो ना, मग 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येणारच की! 'व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स' असलं काय आलं तर हार्ड फ्लोट-सॉफ्ट फ्लोट, म्हणजे फंक्शनला दशांश संख्या द्यायच्या दोन पद्धती, यांची भेसळ झालीय, सगळं एकाच एबीआयनं (अशा देवाणघेवाणीच्या नियमांनी) परत बिल्ड कर.