पायाच्या चिखल्या मलम लावूनही परत परत का येतात?

तुम्ही लिहिलंय की करंगळीच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते, मलम लावलं की चार दिवसांत बरं वाटतं आणि महिन्याभरात परत सुरू. मी डॉक्टर नाही, पण हे सेम टू सेम दोन वर्षं भोगलंय.

माझं चुकत काय होतं तर खाज थांबली की ट्यूब बंद. चिखल्या म्हणजे बुरशीचं इन्फेक्शन, आणि खाज थांबली म्हणजे बुरशी मेली असं नसतं हो, ती कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन (कातडी-नखं ज्याची बनतात ते प्रोटीन) खात तिथेच असते, आणि पाय घामेजला की परत डोकं वर काढते. बुरशी मारणारं मलम क्लोट्रिमाझोलचं असेल तर दिवसातून दोनदा, चार आठवडे तरी धरून चाला, टर्बिनाफिनचं काम बोटांच्या मधल्या चिखल्यांना बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत होतं. लावताना बाजूची चांगली दिसणारी कातडीपण घ्या.

आणि आधी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा! क्लोबेटासोल, बेटामेथासोन असलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. मी घरात पडलेली तसलीच एक ट्यूब लावत होतो, दोन दिवसांत लाली गायब, मी खूश, आणि आतल्या आत पसरून सगळं तळपायावर आलं. स्टेरॉइड सूज दाबतं, बुरशीला मात्र रान मोकळं.

बाकी पाय कोरडा ठेवणं हेच मोठं काम. आंघोळीनंतर प्रत्येक बेचकं वेगळं पुसायचं, टॉवेल वेगळा, मोजे रोज धुतलेले, आणि एकच बूट रोज नाही, आतला ओलावा जायला एक दिवस तरी लागतो. हसू नका, पण चड्डीच्या आधी मोजे घाला, नाहीतर चड्डी पायांवरून वर चढताना हीच बुरशी जांघेत नेते (अनुभव आहे, विचारू नका).

महिनाभर नीट लावूनही फरक नसेल तर स्किनवाल्याकडे जा, ते कातडी खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतात, कारण कधी कधी तसंच दिसणारं बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं. डायबेटिस असेल किंवा पाय लाल होऊन सुजला, गरम लागला तर महिनाभर थांबू नका, लगेच दाखवा. नखंपण बघा, पिवळी जाड झाली असतील तर बुरशीचा साठा तिथेच असू शकतो, त्याला नुसतं मलम सहसा पुरत नाही, बऱ्याचदा गोळ्या लागतात आणि पायाचं नख पूर्ण नवीन यायला वर्ष-दीड वर्ष जातं. माझ्या अंगठ्याचं अजून अर्धंच आलंय.