रोजच्या, ओळखीच्या रस्त्यावर मोटरसायकल सुरक्षित कशी चालवावी?

ज्या रस्त्याने रोज कामावर जाता, ज्यावरचा खड्डा न खड्डा पाठ आहे, त्याच रस्त्यावर परवा आडव्या आलेल्या वाहनाखाली सापडता सापडता वाचलात. असे का झाले आणि आता मार्ग बदलावा का, असे तुम्ही विचारले आहे. तुम्ही सुखरूप आहात, हे वाचून खरोखर बरे वाटले.

माझा रोजचा रस्ता कोल्हापूर जिल्ह्यातला, कागल ते मुरगूड पट्ट्यातला आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपल्याला पाठ असतो तो रस्त्याचा आकार. त्यावर आज काय असेल, ते पाठ असू शकत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात गुडघ्याएवढा असलेला ऊस दिवाळीपर्यंत डोक्याच्या वर जातो, आणि लांबून दिसणारे पाणंदीचे तोंड पूर्ण झाकले जाते. पुढे तोड सुरू झाली की डांबरावर चिखल, पाचट आणि ट्रॉलीतून पडलेल्या उसाची भर पडते. वळण तेच असते, पण गाडीची पकड आणि नजरेचा टप्पा दोन्ही बदललेले असतात. सवयीमुळे हात मात्र उन्हाळ्यातल्याच वेगाने गाडी वळणात घालतात.

गेल्या गळीत हंगामात मीही थोडक्यात बचावलो. पुढे डांबरावर ओल्या चिखलाचे दोन पट्टे दिसले, म्हणजे डावीकडच्या फडात तोड चालू होती आणि नुकतीच एक ट्रॉली बाहेर पडली होती. दुसरीही येईल असे वाटल्याने मी गिअर उतरवून वेग कमी केला. तेवढ्यात उसाच्या भिंतीतून ट्रॅक्टरचे तोंड थेट रस्त्यावर आले. ट्रॅक्टरचा चालक मागच्या मोठ्या चाकांजवळ बसतो, त्यामुळे उभ्या उसाच्या आडून त्याला रस्ता दिसेपर्यंत पुढची चाके डांबरावर आलेली असतात, आणि मोठ्याने लावलेल्या गाण्यांत हॉर्नही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. चिखलाच्या अलीकडे, गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक दाबल्यामुळे मी दोन हातांवर थांबलो. तोच ब्रेक चिखलावर किंवा वळणात गाडी कललेली असताना दाबला असता, तर पुढचे चाक घसरून मी ट्रॉलीच्या चाकांकडे गेलो असतो.

हिशेब कठीण नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 14 मीटर जाते, आणि अडथळा दिसणे, तो उमगणे व ब्रेक लागणे यांत दीड सेकंद गेला, तर वेग कमी होण्याआधीच 20 मीटर संपलेले असतात. ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताशी 40 ऐवजी 60 वेग असेल तर ते दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. जेवढा रस्ता डोळ्यांना मोकळा दिसतो, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग, हा एकच नियम मी कटाक्षाने पाळतो.

तुम्ही अपवाद नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे 900 मोटरसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर तपासणी करून हॅरी हर्ट यांच्या गटाने 1981 मध्ये अहवाल दिला, त्यात बहुतेक अपघात छोट्या, नेहमीच्या फेऱ्यांत आणि निघाल्यानंतर थोड्याच वेळात झाल्याचे आढळले. निम्म्या अपघातांत टक्करीपूर्वीचा वेग ताशी 48 किलोमीटरहूनही कमी होता, आणि दुसऱ्या वाहनचालकाला मोटरसायकल दिसलीच नाही, हे सर्वांत मोठे कारण ठरले. देश आणि काळ वेगळा असला, तरी आपल्या फाट्यांवर मला हेच दिसते.

म्हणून फाट्याजवळ डाव्या कडेला चिकटून न जाता, समोरून वाहन नसेल तर आपल्या बाजूच्या मध्याकडे सरकावे. त्यामुळे तुम्हाला पाणंद आधी दिसते आणि पाणंदीतल्या माणसाला तुम्ही दिसता. भारतात एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा दिवा कायम चालू असतो. तुमची गाडी जुनी असेल, तर दिवसाही दिवा लावा. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट अर्ध्या किलोमीटरसाठीही घाला आणि त्याचा पट्टा लावा. टाकीवर ठेवलेल्या हेल्मेटचा काहीच उपयोग नाही. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी असेलच, असे धरून चालू नका. समोरच्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपले, तर दिसू लागेपर्यंत वेग कमीच ठेवावा, कारण उभी ट्रॉली नेमकी त्या अंधारात असू शकते.

मार्ग बदलण्याची गरज मला वाटत नाही, कारण नवा रस्ताही काही आठवड्यांत पाठ होईल. त्याऐवजी घरातून दहा मिनिटे आधी निघा, आणि परवाच्या त्या जागी एकदा दिवसा थांबून, आडव्या रस्त्यावरच्या चालकाला तुम्ही नेमके किती अंतरावरून दिसता, ते त्याच्या बाजूला उभे राहून पाहून घ्या.