चहात साखर किती, हे कोण ठरवणार?

प्रश्न : बाबांना चार महिन्यांपूर्वी वृद्धाश्रमात ठेवलं. कुरकुर नाही, रडणं नाही. फक्त गुडघे, पोट, गॅस. तपासण्या नॉर्मल आल्या.

या पिढीतला पुरुष ‘उदास वाटतं’ म्हणत नाही, ‘पोट साफ होत नाही’ म्हणतो. उतारवयातलं नैराश्य बऱ्याचदा असंच शरीराच्या आडून येतं. पेपर वाचणं सुटलंय का? पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही का? ‘तुम्हाला माझा त्रास’ असं बोलतात का? थायरॉइड, बी-१२ आणि कान तपासून घ्या. ऐकू न येणारा माणूस भर पंगतीतही एकटाच असतो. मग मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. औषधं या वयातही लागू पडतात, फक्त काही आठवडे धीर धरावा लागतो. तोवर बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

प्रश्न : मी आश्रम चालवते. भजन, वाढदिवस, सहल, सगळं करतो. तरी मंडळी खाटेवरच बसून असतात. अजून काय करू?

थोडं कमी करा. मी जातो त्या एका आश्रमात एक आजी कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून असायच्या. एकदा स्वयंपाकघरापाशी त्यांनी मेथीची जुडी ओढली आणि निवडायला बसल्या. मावशी धावल्या, ‘आजी, राहू द्या, आराम करा!’ (या ‘आराम करा’नं किती माणसं खाटेला खिळली असतील!) मी म्हटलं, बसू द्या. अर्ध्या तासानं आजी बोलल्या, ‘देठं किती ठेवता गं? भाजी कडू होते.’ आता मेथी आली की आधी त्यांच्यापुढे जाते.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. रोपं दोन्ही गटांना दिली होती. एका गटाला सांगितलं, तुमचं तुम्ही ठरवा, रोपाला पाणीही तुम्हीच घाला. दुसऱ्याचं सगळं कर्मचारी बघणार होते. तीन आठवड्यांत पहिला गट जास्त आनंदी, जास्त हिंडताफिरता दिसला.

चहात साखर किती, आंघोळ सहाला की आठला, टीव्हीवर काय, हे विचारायला पैसे लागत नाहीत. आणि खोलीत शिरताना दार वाजवा. हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

प्रश्न : आजी परवापासून असंबद्ध बोलते. म्हातारचळ लागला का?

दोन दिवसांत नाही लागत. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, एखादं नवं औषध, काहीही असेल. आजच डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी स्वतःच्या मनानं देऊ नका. तोल जाऊन खुबा मोडतो.

प्रश्न : मी दुबईत असतो. फोनवर आई ‘मला घरी ने’ म्हणून रडते. आश्रमवाले म्हणतात, फोन कमी करा.

कमी नको, ठरलेल्या वेळी करा. वाट पाहण्यानं जास्त जीव जातो. ‘पुढच्या महिन्यात नेतो’ अशी थापही मारू नका, त्या दिवस मोजत बसतात. घरातलं नेमकं काय आठवतं, ते विचारा. माझ्याकडच्या एका काकूंना देव्हारा आठवायचा, एकांना स्वतःची गोधडी. गोधडी कुरिअरनं जाते.