जांभळी नाक्याची उधारी आणि दुबईचं गिऱ्हाईक

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझं छोटं युनिट आहे. केमिकल प्लांटसाठी टेफ्लॉन लाइन्ड बॉल व्हॉल्व्ह बनवतो. दुबईच्या एका ट्रेडरने दोन इंची साठ नग मागितलेत. जर्मनीचा सप्लायर उशीर करतोय म्हणून तुमच्याकडे आलो, असं त्याने लिहिलंय. आमचा सीएचए (कस्टम्सची कामं करणारा एजंट) मात्र एंड यूज सर्टिफिकेटशिवाय, म्हणजे माल कोण कशासाठी वापरणार याच्या लेखी हमीशिवाय, फाइलला हात लावत नाही. ‘वासेनार’चं नाव घेतो. ताई, आम्ही काय तोफा विकतोय?
— एक उद्योजक, रबाळे

उत्तर : तोफा नाहीत, पण सीएचएचं बरोबर आहे. फक्त नाव चुकलं. वासेनार हा निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांचा गट, पण शस्त्रांसाठी आणि दुहेरी वापराच्या, म्हणजे साध्या कामाला आणि लष्करालाही चालणाऱ्या मालासाठी. कचेरी व्हिएन्नात, भारत डिसेंबर 2017 पासून सदस्य. तुमचा व्हॉल्व्ह येतो ऑस्ट्रेलिया ग्रुपच्या यादीत; हा देशांचा दुसरा गट, रासायनिक अस्त्रांना लागणाऱ्या मालावर लक्ष ठेवणारा. 10 मिलिमीटरहून मोठा आणि रसायनाचा स्पर्श होतो तो सगळा भाग टेफ्लॉनचा, म्हणजे यादीत. साधा एसएस 316 स्टेनलेस स्टीलचा असता तर सुटला असता. विषारी वायू बनवताना जी आम्लं हाताळावी लागतात ती पोलाद खातात, टेफ्लॉन खात नाहीत. कीटकनाशकवाल्याला तुमचा व्हॉल्व्ह हवा असतो तो याच गुणासाठी, आणि नको त्या माणसालाही.

इराण-इराक युद्धात रासायनिक अस्त्रं वापरली गेली आणि त्यांचा कच्चा माल सरळ बाजारातून, बिलं फाडून घेतलेला निघाला. त्यानंतर 1985 साली हा गट जमला. करार नाही, सक्ती नाही. भारत जानेवारी 2018 मध्ये आत गेला.

माझं बालपण ठाण्यात जांभळी नाक्याला, वडिलांच्या किराणा दुकानाच्या माळ्यावर गेलं. कुणी एकाने उधारी बंद केली की गिऱ्हाईक हसतमुखाने शेजारच्या दुकानात. म्हणून रात्री फळ्या लावताना दुकानदार एकमेकांना नावं सांगत. गटातले देशही हेच करतात : एकाने परवाना नाकारला की बाकीच्यांना कळवतात, आणि तसाच माल दुसऱ्याला द्यायचा असेल तर त्याने आधी नाकारणाऱ्याशी बोलायचं. निर्णय मात्र ज्याचा त्याचा. तुमचा दिल्लीत होईल, स्कोमेट यादीप्रमाणे, म्हणजे निर्यातीला परवाना लागणाऱ्या मालाच्या आपल्या सरकारी यादीप्रमाणे.

आता ते ‘जर्मनीचा सप्लायर उशीर करतोय’. हे वाक्य मी दोनदा वाचलं. खरंच उशीर असेल. किंवा तिकडे परवाना अडला असेल. ते तुम्हाला कळायचा मार्ग नाही, दिल्लीला आहे.

न्हावाशेवाच्या कामात मी बत्तीस वर्षं काढली. एकदा घाईत शिपिंग बिलावर नुसतं ‘इंडस्ट्रियल व्हॉल्व्ह’ लिहिलं. कस्टम्सने मटेरियल सर्टिफिकेट मागितलं, कंटेनर अकरा दिवस यार्डात, आणि ग्राउंड रेंटवरून (यार्डातल्या जागेचं भाडं) मालकांची बोलणी मी खाल्ली. चूक माझीच होती.

तर ट्रेडरला प्लांटचं नाव-गाव विचारा. सर्टिफिकेट प्लांटच्या लेटरहेडवर हवं, ट्रेडरच्या नव्हे. ते आलं की डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार महासंचालनालय) पोर्टलवर परवान्यासाठी अर्ज करा. वेळ लागतो, तेव्हा डिलिव्हरीची तारीख आत्ताच कबूल करून बसू नका. आणि ‘तुम्हाला कशाला हव्यात चौकश्या’ असं उत्तर आलं, तर घेतलेला अ‍ॅडव्हान्स परत पाठवा.