परदेशी भाषा-प्रदेशाचे जाणकार असलेल्या सैन्याधिकाऱ्यांना आपसांत आधार कुठून मिळतो?

प्रश्न थोडक्यात असा: भाऊ सैन्यात कॅप्टन, मूळ परभणीचा. चिनी किंवा फारसी शिकून त्याच प्रदेशाच्या कामात राहायचं म्हणतो. अशा लोकांचं काही मंडळ असतं का, की एकटं पडायला होतं?

अमेरिकेत असतं, कारण तिथे ‘फॉरेन एरिया ऑफिसर’ ही करिअरची वेगळी वाटच आहे. आधी भाषा (मॉन्टेरेच्या संरक्षण भाषा संस्थेत स्पॅनिशला ३६ आठवडे, चिनी-अरबीला ६४), मग त्या प्रदेशात राहून प्रशिक्षण आणि पदव्युत्तर पदवी. त्यांची संघटनाही आहे, निवृत्त मंडळी त्यात असतात, त्यामुळे नवख्याला विचारायला माणूस सापडतो.

आपल्याकडे असं वेगळं केडर नाही. अधिकारी आपल्या पलटणीचाच राहतो, भाषा ही वरची पात्रता. दिल्लीच्या ‘स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस’मधून (संरक्षण मंत्रालयाचं, १९४८ पासून) दुभाषी होऊन आला, तरी पुढची पोस्टिंग भाषेचीच मिळेल याची हमी नाही. खरी अडचण इथेच आहे. दोन-तीन वर्षं भाषा कानावर पडली नाही की वाचन कसंबसं टिकतं, बोलणं आधी जातं.

त्यात सगळ्यात लवकर बिघडतात आकडे. चिनीत मोठी मोजणी दहा हजारांच्या ‘वान’वर चालते: आपला एक लाख म्हणजे दहा वान, एक कोटी म्हणजे हजार वान. समोरचा झरझर बोलत असताना एक शून्य इकडचं तिकडे झालं की संपलं. वेळेचंही तेच. बीजिंगचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. लडाखमधल्या चुशूल किंवा सिक्कीममधल्या नथू ला इथल्या, चिनी सैन्यासोबतच्या सीमा बैठकीचा निरोप ‘साडेनऊ’ असा आला, तर कुणाच्या घड्याळाचे साडेनऊ हे लगेच विचारून घ्यायचं. बीजिंगचे असतील तर आपले सातच वाजलेले असतात. रोज वीस मिनिटं नुसत्या आकड्या-वेळांचा सराव करा म्हणावं, बातम्या ऐकून आकडे वहीत लिहायचे.

सरावासाठी मोबाईलवर परदेशी ‘भाषामित्र’ मात्र शोधू नये. २०२० मध्ये सैन्याने आपल्या लोकांना ८९ ॲप काढून टाकायला लावली ती उगाच नाही, आणि परदेशी नागरिकाशी असा संपर्क अंगाशी येतो. अभ्यासाला जोडीदार हवा तर कोर्समधलाच बॅचमेट धरावा. आपल्याकडे खरं मंडळ म्हणजे ही बॅचच. निघताना सगळ्यांचे पत्ते घेऊन ठेवावेत. शिकवणाऱ्या गुरुजींशीही संबंध तोडू नये, वर्षातून दोनदा तरी फोन करावा.

दुसरा आधार युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनचा. संरक्षणविषयक अभ्यासाची १८७० पासूनची संस्था, आता दिल्लीत. सभासदत्व घ्यावं, ग्रंथालय चांगलं आहे आणि नियतकालिकात लिहिता येतं. छापायला देण्याआधी वरिष्ठांची परवानगी लागते, ती मिळायला वेळ जातो, म्हणून अर्ज आधीच टाकावा. लेखामुळे त्या प्रदेशात काम केलेले ज्येष्ठ स्वतःहून ओळख देतात. ते नुसत्या गाठीभेटींनी होत नाही.

भाषा कुठली घ्यावी? परभणीच्या माणसाला फारसीत एक फायदा असतो. उर्दू कानावरची असते, आणि लिपी येत असेल तर पहिल्या काही आठवड्यांची मेहनत वाचते. कुणबी नोंदींच्या वेळी मोडी-उर्दू वाचणारे शोधत फिरावं लागलं, ते आठवा. चिनीला अशी कुठलीच उचल नाही, पण सीमेमुळे मागणी जास्त.

कोर्सला नाव देण्याआधी त्याच भाषेच्या दोन ज्येष्ठांना त्याने इतकंच विचारावं: कोर्समुळे पलटणीतला कमांडचा कार्यकाळ मागे पडला का, बढतीच्या बोर्डापुढे त्याचा तोटा झाला का, आणि परदेशी पोस्टिंग आली तेव्हा मुलं कितवीत होती. दहावी-बारावीच्या तोंडावर बाहेर गेलं तर शाळेचा घोळ होतो, तो घरच्यांनी आधीच बसून सोडवायचा असतो.